सगुणेचा नवरा आणि खाडीकाठची गावे

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटली, तेव्हा बगूआत्या डोळे मिटून जप करीत होती आणि मी या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत उगाच येरझारा घालीत होते. मुंबई मागे धुरकट होत चालली होती. पुढे काही दिसत नव्हते. उन्हाळ्याची सुट्टी नुकतीच लागली होती.

मी पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवते. आमच्या एका लहानशा मंडळाने माझ्यावर काम सोपवले होते. कुलाबा जिल्ह्यातले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, बोटींवर जातात. मागे राहिलेल्या त्यांच्या बायका दिवस कसे काढतात, त्याची माहिती गोळा करून आणायची होती. विचारायचे प्रश्न मंडळानेच छापून दिले होते. एकट्या बाईने कोकणात भटकायचे म्हटल्यावर घरी गहजब झाला. शेवटी माझ्या वडिलांची थोरली बहीण, बगूआत्या, "मी जाते बरोबर" म्हणाली आणि तो प्रश्न मिटला. आत्या लहानपणीच विधवा झालेली. लाल आलवण, केशवपन, स्वतःचा तांब्या, स्वतःचे जेवण. तिच्याकडे पाहिले की कुणी वाकडा शब्द काढीत नसे.

रेवसला ओहोटी लागलेली. लाँच दूरच उभी राहिली आणि पडावातून (उतारूंना किनाऱ्याकडे नेणाऱ्या होडीतून) जावे लागले. पडावही चिखलात रुतला. खलाशी बायकांना पाठीवर घेऊन किनाऱ्याला पोचवीत होते. आत्या म्हणाली, "मी कुणाच्या पाठीवर बसणार नाही." आणि आलवण खोचून ती सरळ गुडघाभर चिखलात उतरली. मी खलाशाच्या पाठीवर बसले, आणि काठापासून हातभर अंतरावर तो घसरला. चिखलाने माखलेली मी आणि ताठ मानेने चालणारी आत्या अशा आम्ही टांग्यात चढलो.

पहिला मुक्काम खाडीकाठच्या एका आगरी गावात होता. त्याचे नाव मुद्दामच लिहीत नाही, आणि तिथल्या माणसांची नावेही बदलली आहेत. का, ते पुढे कळेल. गावाच्या पलीकडे मिठागरे (भरतीचे पाणी वाफ्यांत अडवून मीठ पिकवण्याची जागा) पसरलेली. ऊन त्या पांढऱ्यावरून उसळून डोळ्यांत शिरत होते. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन मीठ बांधावर आणीत आणि रास घालीत. त्यांच्या तळपायांना भेगा होत्या आणि भेगांत मीठ.

मी छापील प्रश्न काढले. घरात कोण कोण? नवरा कधी येतो? अडचण काय?

"बरं हाय," त्या म्हणायच्या.

"आजारपणात कोण बघतं?"

"बघतात. बरं हाय."

दिवसभर हेच चालले. उत्तर देताना त्या माझ्याकडे बघत नसत, कागदाकडे बघत. संध्याकाळी मी वैतागून कागद पिशवीत कोंबले. रात्री उकाड्यात झोप लागेना. परत जावे असे दहादा मनात आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मांगराच्या (मिठागरावरच्या खोपटाच्या) सावलीला बसल्या होत्या. मीही जाऊन बसले. काय बोलावे सुचेना. मला गोष्टी लिहायची खोड आहे. एखादी मासिकात छापूनही येते. म्हणून म्हटले, "एक गोष्ट सांगू?"

"सांग की," एकजण म्हणाली. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या तोंडाकडे पाहिले.

मी मनात येईल ते सांगू लागले. सगुणा नावाची एक बाई होती. तिचा नवरा मुंबईला गोदीत गेला. पहिल्यांदा निरोप यायचे, मग येईनासे झाले.

"तिला दीर किती?" मध्येच प्रश्न आला.

मी त्याचा विचारच केला नव्हता. "दोन," म्हटले.

"मंग सगुणा चुलीशी नाय जायची. जावा रांधणार, ती पानी भरनार."

"आनि शिळं खानार," दुसरी म्हणाली.

"सासू हाय का मेली?"

"आहे," मी म्हटले.

"मंग सासू रोज इचारनार, तू काय केलंस म्हनून माझा पोर परत येत नाय."

त्या एकमेकींना खोडून काढू लागल्या. सगुणेने माहेरी जावे. नाही, माहेरी भावजय उभी करणार नाही. ताप आला तर ती मिठावर जाईल का? जाईल, नाहीतर घरात बसून बोलणी खाईल. आदल्या दिवशी जे एका प्रश्नाला मिळाले नव्हते, ते सगळे आता न विचारता येत होते. माझ्या सगुणेला त्यांनी घर दिले, त्या घराला माणसे दिली, आणि त्या माणसांचे स्वभावही. मी फक्त "मग?" म्हणत होते.

"मग ती वाट बघत राहिली," मी शेवटी म्हटले.

"नाय बघत."

हे बोलली ती आतापर्यंत गप्प बसलेली एक बाई. उंच, काटक, कपाळ मोकळे, हातात बांगडी नाही. गोमी तिचे नाव.

"लाँच आली की गाव सगुणेच्या तोंडाकडं बघायचं," गोमी म्हणाली. "उतारूंत तो हाय का, आनि नसला तर हिचं तोंड कसं होतं. किती दीस बघू द्यायचं? एक दिवस ती बाजाराला गेली. येताना रडत आली. म्हनाली, निरोप मिळाला, नवरा बोटीवरनं समुद्रात पडला. प्रेत नाय मिळालं म्हनून पिठाचा नवरा केला, दिवस घातले, खाडीत सोडला. त्या दिवसापासनं तिच्या तोंडाकडं कोन बघत नाय."

"आणि निरोप खोटा होता?" मी विचारले.

"निरोप कुनी आनलाच नव्हता."

 एकीने पाण्याचे मडके उगाच हलवून पाहिले. मग सगळ्याजणी उठल्या आणि टोपल्या घेऊन उन्हात गेल्या.

गोमी मात्र जाता जाता आत्याजवळ थांबली. आत्या बांधावर, पदर डोक्यावर ओढून बसली होती.

"आजी, तुमच्यात नवरा मेला की हे असं करतात?" गोमीने आपल्या केसांवरून हात फिरवला.

"करतात," आत्या म्हणाली.

"आमच्यात नाय करत," गोमी म्हणाली, आणि गेली.

टांग्यात आत्या मला म्हणाली, "माहिती गोळा करायला आलीस की थापा मारायला?"

"थापच आहे. पण खरं त्यातूनच बाहेर आलं."

"मग थापेला जप," आत्या म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

मला तेव्हा ते शब्द टोचले नाहीत. युक्ती सापडल्याच्या आनंदात मी होते. अलिबागेत एक रात्र काढून आम्ही चौलच्या माडापोफळींच्या वाटेने रेवदंड्याला आलो. थंड सावली, रहाटांची कुरकुर, शहाळ्याचे पाणी. आणि मला मात्र कधी एकदा कोळीवाड्यात पोचते असे झालेले.

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर काठ्यांवर बोंबील वाळत होते. हिराबाई नावाच्या कोळणीच्या दारात मी बसले आणि सगुणेची गोष्ट सांगितली. या वेळी गोमीने जोडलेल्या भागासकट. कोळणी खो खो हसल्या. "पिठाचा दादला! बरा केला गो," हिराबाई म्हणाली. "आमची सगुणा अशी खाली मान घालून नाय बसायची. पाटी डोक्यावर घेईल आनि बाजारात जाईल. दिराची काय छाती हाय तिला अडवायची!" त्यांच्या सगुणेने सासूशी भांडण काढले, वेगळी चूल मांडली. मी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (बारीक सुक्या कोळंबीची) चटणी खाल्ली. आत्याने लांबून पाहिले आणि ती काही बोलली नाही. हे तिचे फार मोठे औदार्य होते.

तिथून आगबोटीने राजपुरीच्या खाडीत आलो. समुद्र खवळलेला. जंजिऱ्याचे बुरूज एकदा वर दिसत, एकदा खाली जात, आणि माझ्या पोटातले सगळे त्यांच्याबरोबर वरखाली होत होते. पुढे भरतीची वेळ साधून होडीने म्हसळ्याला. आत्याच्या सासरच्या नात्यातले एक वैद्य तिथे राहत. त्यांच्या ओसरीवर आम्ही पथारी टाकली.

म्हसळ्यात मोहल्ल्यातल्या बायकांनाही मी गोष्ट सांगितली. त्यांचे पुरुष परदेशी बोटींवर खलाशी. त्यांनी सगुणेच्या नवऱ्याला मरूच दिले नाही. "खत उशिरा मिळतं बाई, बसऱ्याहून यायचं म्हणजे काय!" एक वयस्क बाई माझा हात धरून म्हणाली. "खैरियत आहे म्हणून लिही. तो येणार." त्या हसत नव्हत्या. मी घाईघाईने त्याला जिवंत केले, तेव्हा कुठे त्यांनी सरबत पुढे केले.

एकच बाई गावागावांत वेगळी होत होती. त्या प्रत्येक वेगळेपणात त्या गावचे घर दिसत होते. मी भराभर टिपून घेत होते आणि पुढचे गाव, पुढचे गाव, असे मनात चालले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर केस विंचरीत होते. अंगणात एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला मुंडासे, एका हाताची कातडी भाजून आकसलेली.

"गोष्ट सांगनारी बाय हितंच उतरलीय का?"

"मीच ती. काय काम होतं?"

तो उभाच राहिला. "मी धर्मा. मचव्यावर (माल नेणाऱ्या शिडाच्या होडीवर) असतो. लाकडं घेऊन रेवदंड्याला गेलो व्हतो. तिथं कोळनी म्हसळ्याला गेलेल्या एका बायनं सांगितलेली गोष्ट सांगत व्हत्या. हसत व्हत्या." त्याने गावाचे नाव घेतले. मिठागरांच्या त्या गावाचे. "मी तिथला."

माझ्या हातातली फणी तशीच राहिली.

"चुलतभाऊ मला मुंबईत भेटला व्हता," तो म्हणाला. "म्हनाला, गोमीनं तुझे दिवस घातले. मी म्हटलं, कुनी तरी खोटी खबर दिली असंल बिचारीला. मी भेटल्याचं गावात बोलू नको म्हनून त्याला शपथ घातली, आनि गप राहिलो. आता ह्या गोष्टीतनं कळलं, खबर कुनी दिलीच नव्हती. तिनंच केली. खरं काय, बाय?"

"सगुणा मी मनानं रचलेली आहे," मी म्हटले. माझा आवाज मलाच पोकळ वाटला. "आणि तो पिठाचा भाग दुसऱ्या कुणी सांगितला. कुणी, ते मी सांगणार नाही."

"नका सांगू. मला ठावं हाय."

आत्या दारात येऊन उभी होती. तिने त्याला खाली बसायला सांगितले. तो पायरीवर बसला आणि थोडे थोडे बोलला. गोदीतून तो बोटीवर गेला, भट्टीपाशी कोळसा ओढायला. हात भाजला. मग आजारपण. मुंबईला परत आला तो रिकामा. "तसा कसा घरी जानार? लाज वाटली. मंग एक वरीस गेलं, आनि लाजेचीच सवय झाली."

"गोष्टीत तो परत येतो का?" त्याने मला विचारले.

"मी अजून ठरवलं नाही."

"तुमी नका ठरवू," धर्मा म्हणाला. "तिला इचारा. मी गावात गेलो तर ती खोटी पडंल. लोक तिला उभी जाळतील बोलून. मी तसा जानार नाय. माझा मचवा पुढल्या फेरीला रेवदंड्याला लागंल. ती म्हनंल तसं."

तो निघून गेला. मला एका जागी बसवेना. म्हसळ्यातल्या वाटा मी दुपारभर तुडवल्या. एका बाईने मांगराच्या सावलीत, सगुणेच्या पदराआड लपून, जे कधी कुणाला सांगितले नव्हते ते सांगितले होते. आणि मी ते गावोगाव वाटत सुटले होते. कोळणी हसल्या होत्या. उद्या हीच गोष्ट माशांच्या पाटीबरोबर तिच्या गावात पोचली तर?

"आता पुढचं गाव नको," आत्या म्हणाली. "मागचं आधी."

श्रीवर्धनला जायचे ठरले होते, ते रद्द केले आणि परतीची आगबोट धरली. रेवदंड्याला उतरल्याबरोबर हिराबाईकडे गेले. गोष्ट कुणीकुणी ऐकली, ते विचारले. तिने माझ्याकडे बारकाईने पाहिले.

"ती खरी हाय ना कुठंतरी?"

मी तिच्याकडे न बघता पिशवीचा बंद आवळला.

"मंग बोलत नाय आमी ती," हिराबाई म्हणाली. पुढे काही विचारले नाही.

मिठागरांवर पोचलो तेव्हा राशींवर गवत घालायचे काम चालू होते. बायका आम्हाला पाहून हसल्या. "सगुणेचं पुढं काय झालं?" एकीने ओरडून विचारले. मी गोमीला म्हटले, "बांधापर्यंत येशील? तुला पुढची गोष्ट सांगायची आहे." हसणाऱ्या बायका एकदम कामाला लागल्या. त्या सगळ्यांना सगळे ठाऊक होते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. साऱ्याजणींनी मिळून ते झाकून ठेवले होते.

बांधावर वारा सुटला होता. मी सरळ बोलू शकले नाही. म्हटले, "सगुणेचा नवरा जिवंत आहे. मचव्यावर काम करतो. हात भाजलाय. पिठाच्या नवऱ्याचं त्याला कळलंय, आणि ते त्याला माझ्या तोंडून फिरत गेलेल्या गोष्टीतून कळलं. तो गावात येणार नाही. सगुणेनं बोलावलं तरच येईल."

गोमीने टोपली खाली ठेवली. 

"कंचा हात?"

"उजवा."

"उजव्यानंच जेवायचा," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "रागावलाय?"

"नाही. लाजलाय."

"सगुणा त्याला बोलवनार नाय," गोमी म्हणाली. मला वाटले, संपले. पण तिने पदर कमरेला घट्ट खोचला. "सगुणा सोता जानार. नवऱ्याची वाट बघनारी असती तर घरच्यांनी नसती सोडली. रांडमुंड बाई देवाला जाते म्हनाली, तर कोन अडवतंय?"

दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर निघाली. चौलच्या देवाला जाते, असे सांगून. तिच्या जोडीदारणींनी तिला भाकऱ्या बांधून दिल्या आणि देवाला आपलाही नमस्कार सांगितला.  चौलला ती खरोखरच टांगा थांबवून देवळात जाऊन आली.

मचवा लागायला दुसरी सकाळ उजाडली. हिराबाईने गोमीला आपल्या घरात घेतले, कोण म्हणून विचारले नाही. मी सारखी किनाऱ्यावर जात होते आणि परत येत होते. शेवटी शीड दिसले.

धर्मा कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला. गोमी वाळूवर उभी होती. दोघे समोरासमोर आली. मग ती खाली बसली. तोही बसला, थोड्या अंतरावर. आम्ही बोंबलांच्या काठ्यांपाशी होतो. वारा समुद्राकडे वाहत होता, त्यामुळे एक शब्दही ऐकू येत नव्हता. गोमी बोलत होती. फार वेळ तीच बोलत होती. एकदा तिने मूठ आवळून वाळूवर मारली. एकदा तिने त्याचा भाजलेला हात पालथा करून पाहिला आणि सोडून दिला. तो मान खाली घालून ऐकत होता. मग तो काहीतरी म्हणाला, आणि ती हसली. मला ते हसणे स्पष्ट दिसले. मी दोन पावले पुढे गेले. आत्याने माझा दंड धरला.

भरती चढली, तांडेलाने (मचव्यावरच्या मुख्याने) हाक मारली. धर्मा उठून पाण्यात शिरला. शीड वर चढेपर्यंत गोमी थांबली नाही. ती पाठ फिरवून सरळ आमच्याकडे आली आणि हिराबाईला म्हणाली, "जवळा हाय का घरात? भूक लागलीय."

जेवणे झाल्यावर मला राहवले नाही. "गोमी, काय ठरलं? तो येणार आहे?"

तिने हात धुतले, पदराला पुसले.

"ती गोष्ट नाय, बाई," ती शांतपणे म्हणाली. "सगुणेचं काय ते तू कर. हे माझं हाय."

मी पुन्हा विचारले नाही. संध्याकाळी ती गावाकडे जाणाऱ्या एका बैलगाडीत बसून गेली. काय ठरले ते मला आजही माहीत नाही. पुढे माझ्या कानावर आले ते इतकेच, की गोमी मिठावर काम करते, बरी आहे, आणि वर्षातून दोनदा चौलच्या देवाला जाते.

परतीच्या लाँचमध्ये मी मंडळासाठी अहवाल लिहायला बसले. किती बायका, किती घरे, काय अडचणी. लिहायला बसले आणि हात चालेना. जे कळले होते ते सगळे सगुणेच्या अंगावर होते. तिला काढून घेतले तर "बरं हाय" एवढेच उरत होते. आणि तिला ठेवले, तर तिच्यामागे उभी असलेली बाई दिसणार नाही अशी ती पुन्हा नव्याने रचायला हवी होती. दुसरे गाव, दुसरी खाडी, दुसरा धंदा. खोटे आणखी नीट सांगायला हवे होते. मी ओळी लिहीत होते आणि खोडीत होते.

बगूआत्या शेजारी बसली होती. जपाची माळ तिच्या मांडीवर तशीच पडली होती.

"तुझ्या त्या गोष्टीत," ती एकाएकी म्हणाली, "सगुणेच्या शेजारी ब्राह्मणाचं एक घर होतं. ते तू कुणालाच सांगितलं नाहीस."

"मला ठाऊक नव्हतं, आत्या."

"होतं. त्या घरात एक मुलगी होती. नवऱ्याचं तोंड तिनं नीट पाहिलेलंही नव्हतं. एक दिवस तिला परसात पाटावर बसवलं, आणि न्हावी आला."

आयुष्यभर मी तिच्या हातचे जेवले होते, तिच्याच कुशीत झोपून वाढले होते. तिला कधी काही विचारले नव्हते. समोर मुंबई दिसू लागली होती. माणसे उठून गाठोडी गोळा करीत होती. मी पेन्सिल खाली ठेवली.

"मग?" मी म्हटले.